पत्र्याच्या भिंतीवरची रंगाची भुकटी: नवा हात देण्याआधीची धुलाई

माझ्या भिंतीवरचा रंग सुटून खाली पडला, तेव्हा मी तो तुकडा उलटून पाहिला. तळहाताएवढा होता. बाहेरून छान निळा, लवचीक, कुठे तडा नाही. आतल्या बाजूला मात्र पिठासारखी पांढुरकी पूड होती, बोट फिरवलं तर बोटाला लागत होती. तो जिथून सुटला तिथे कारखान्यातून आलेला जुना रंग पत्र्याला घट्ट धरून होता. म्हणजे जुना रंग धड, नवा रंगही धड. दोघांच्या मधल्या भुकटीला मात्र कुणीच धरलेलं नव्हतं.

भिंत न धुताच रंग मारला, असं झालं नव्हतं. पाइपने भरपूर पाणी मारलं होतं. ओली भिंत गडद, चकचकीत दिसली आणि मला ती स्वच्छ वाटली. दुसऱ्या दिवशी दोन हात दिले. दुसऱ्या उन्हाळ्यात उन्हाच्या बाजूचे पापुद्रे सुटायला लागले. वळचणीखालचा, ऊन न लागणारा पट्टा तेवढा शाबूत राहिला.

पुढे तो सगळा रंग खरवडून काम पुन्हा केलं. चाचणीच्या तुकड्यांसाठी थांबलेले दिवस सोडून नऊ दिवस लागले आणि त्यातले सात धुण्यात, वाळवण्यात आणि तपासण्यात गेले. मुलगी सोबत होती. ते सात दिवस कसे घालवायचे, ते इथे लिहिते आहे.

भुकटी येते कुठून

रंगात रंगद्रव्याचे बारीक कण असतात आणि त्यांना बांधून ठेवणारं रेझिन असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि ओलाव्याने वरच्या थरातलं रेझिन झिजत जातं, आणि कण सुटे होऊन पृष्ठभागावर बसून राहतात. फिक्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. उजेडात ते स्वतःच भोवतालच्या रेझिनचं विघटन वाढवतं, म्हणून टिकाऊ रंगांसाठी त्याच्या कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचं आवरण चढवतात. एकेकाळी काही पांढऱ्या रंगांत अ‍ॅनाटेज जातीचं टायटॅनियम डायऑक्साइड मुद्दाम घालत. त्याची भुकटी लवकर होते, पाऊस ती धूळमातीसकट धुऊन नेतो आणि भिंत पांढरी दिसत राहते. रंगकामात या प्रकाराला चॉकिंग म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे, कारण हाताला लागतं ते खडूसारखंच.

खाली धातू आहे म्हणून आपण बिनधास्त घासायला जातो. पण कारखान्यात रंगवलेल्या पत्र्यावर रंगाचा एकूण थर बहुतेक वेळा २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो: ५ प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पायाच्या हाताचा, आणि २० वरच्या रंगाचा. माणसाचा केस याहून जाड असतो. ग्राइंडरला तारेची चकती लावून ‘साफ’ करायला गेलात, तर भुकटीबरोबर धड रंग जाईल आणि त्याखालचा जस्ताचा मुलामाही जाईल. आपल्याला फक्त सुटे झालेले कण काढायचे आहेत. घट्ट बसलेला जुना रंग ठेवायचा. नव्या रंगाला त्याहून चांगला पाया मिळणार नाही.

आधी हात, मग कपडा

कोरड्या भिंतीवर कोरडा सुती कपडा बोटाला गुंडाळायचा आणि थोडा जोर देऊन वीतभर फिरवायचा. भिंत फिकी असेल तर कपडा काळा घ्या, गडद असेल तर पांढरा. कपड्यावर रंगाचा डाग उठला की ती भुकटी.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. साधी धूळ मातकट असते. ओल्या कपड्याने एकदा पुसून जागा वाळू द्या आणि पुन्हा कोरडा कपडा फिरवा. धूळ असेल तर दुसऱ्यांदा काही येत नाही, भुकटी पुन्हा येते. दुसरा असतो जस्ताचा पांढरा गंज. तो कापलेल्या कडांना, ओरखड्यांवर, पत्र्यावर पत्रा चढतो त्या जोडात, म्हणजे पाणी साचून राहतं तिथे दिसतो. तो खरखरीत, चिकटून बसलेला असतो आणि सहज पुसला जात नाही.

चिकटपट्टीनेही तपासता येतं. पारदर्शक पट्टी दाबून बसवायची, उचलायची आणि गडद कागदावर चिकटवून पाहायची. आयएसओ ४६२८ या मानकाचा सहावा भाग याच पद्धतीवर आहे. त्यात पट्टीवरचे कण चित्रांशी ताडून ० ते ५ अशी प्रत ठरवतात. घरच्या कामाला कपडा पुरतो, पण पट्टीचा एक फायदा आहे: ती जपून ठेवता येते आणि धुण्याआधीची व नंतरची शेजारी शेजारी लावून पाहता येते.

तपासणी एकाच जागी करून थांबू नका. उन्हाच्या बाजूला खांद्याच्या उंचीवर माझा काळा कपडा दुधाळ निळा झाला होता. सावलीच्या बाजूला जेमतेम सावट उठलं. वळचणीखाली भुकटी नव्हतीच, पण तिथे पाऊस पोचत नसल्याने क्षार आणि काजळी यांचा चिकट थर होता. तोही रंगाला तितकाच वाईट. तेव्हा भुकटी नाही म्हणून वळचण सोडून देऊ नका.

मुलीने कपड्याचे तळहाताएवढे तुकडे कापले, प्रत्येकावर खडूने भिंतीचं अक्षर आणि जागा लिहिली आणि ते दोरीवर चिमट्यांनी ओळीने लावले. एकूण चौदा. पुढचे सगळे दिवस ती दोरीच आमची वही होती.

जुन्या रंगात शिसं असेल तर

रंग कधीचा आहे हे ठाऊक नसेल आणि तो बराच जुना असेल, तर खरवडण्याआधी शिशाची तपासणी करून घ्या. तुकडा प्रयोगशाळेला दिला तर निकाल भरवशाचा मिळतो. शिशाच्या रंगाची भुकटीही शिशाचीच असते. ती हाताला, कपड्यांना, खालच्या मातीला लागते आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधते. असा रंग कोरडा घासू नये, ग्राइंडर लावू नये, ज्योतीने जाळू नये, आणि जोराच्या पाण्याने चौफेर उडवूही नये. शिसं निघालं तर ते काम त्यातल्या जाणकारांवर सोपवा, असं माझं स्पष्ट मत आहे. इथून पुढचं सगळं शिसं नसलेल्या रंगाबद्दल आहे.

तयारी

पोपडे आधी काढायचे. प्लॅस्टिकच्या किंवा बोथट स्क्रॅपरने, जागा किंचित ओली करून, म्हणजे धूळ उडत नाही. खाली ताडपत्री. पोपडे धुतल्यावर काढले तर त्यांच्या मागची भुकटी धुतलेल्या भिंतीवर पुन्हा पसरते. मी एकदा तसं केलं आणि ती अख्खी बाजू परत धुवावी लागली.

स्क्रूंच्या रबरी वायसरांना तडे गेले आहेत का, ते बघून घ्या. असतील तर धुताना तिथूनच पाणी आत शिरेल, म्हणून ते आधी बदला. दिव्यांचे आणि स्विचचे बोर्ड प्लॅस्टिकने झाका, त्या बाजूची वीज बंद करा. शिडी टेकताना उंचीच्या एक चतुर्थांश इतका पाया भिंतीपासून दूर ठेवा, म्हणजे चार मीटर उंचीला एक मीटर. साबणाच्या पाण्याने जमीन निसरडी होते, त्यामुळे शिडीचे पाय धरायला कुणीतरी हवं. वीजवाहिनीजवळ धातूची शिडी नको.

मशीनच्या किंवा वाहनांच्या धुरामुळे भिंतीचा एखादा भाग तेलकट झाला असेल, तर तो मिनरल टर्पेंटाइनच्या कपड्याने आधी पुसा आणि कपड्याची घडी सारखी बदलत राहा. तसंच घासलं तर तेल सगळीकडे पसरतं. भुकटी काढायला मात्र टर्पेंटाइन किंवा थिनर वापरू नका. रेझिन मऊ पडतं, भुकटी त्यात मिसळून लिंपली जाते आणि वाळल्यावर तिथे धूसर चट्टे राहतात.

धुण्याची रीत

दहा लिटर पाण्यात भांडी घासायचं सौम्य लिक्विड ३० ते ४० मिलिलिटर. एवढंच. ट्रायसोडियम फॉस्फेटचं नाव रंगकामात खूप घेतलं जातं आणि लाकडी भिंतींवर ते कामाचंही आहे, पण ते जोरदार अल्कली आहे. अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्त उघडं पडलं असेल तिथे ते धातूलाच खातं, आणि नीट निघालं नाही तर त्याचा क्षार नव्या रंगाखाली राहतो. सोडा, आम्ल, फरशी साफ करायचं द्रव हेही नको.

ब्रश नायलॉनचा, मध्यम कडक, लांब दांड्याचा. पन्हळी पत्र्याला सपाट ब्रश चालत नाही. उंचवट्यावर तो छान फिरतो आणि खोलगट भाग तसाच राहतो. आम्ही दोन ब्रश ठेवले: एक रुंद, आणि एक बाटल्या धुण्याच्या ब्रशासारखा गोल, पन्हळीत बसणारा. जोडाची कड जुन्या टूथब्रशने. तारेचा ब्रश आणि स्टील वूल भिंतभर फिरवू नका. लोखंडाचे तुटलेले बारीक तुकडे पत्र्यात रुततात आणि गंजून ठिपके उठवतात. अ‍ॅल्युमिनियमवर तर हे हमखास होतं.

आता क्रम. साबण खालून वर लावायचा आणि साधं पाणी वरून खाली सोडायचं. वरून सुरुवात केली तर साबणाचे ओघळ खालच्या कोरड्या भुकटीतून वाट काढतात आणि त्या वाटा नंतर घासूनही जात नाहीत. म्हणून पहिल्यांदा संपूर्ण पट्टा साध्या पाण्याने तळापासून वरपर्यंत भिजवा. मग तळापासून साबण. मग घासणं. शेवटी वरून पाणी.

एका वेळी एक मीटर रुंदीचा पट्टा घ्या. त्याहून मोठा घेतला की एक टोक घासेपर्यंत दुसरं वाळतं, आणि वाळलेला साबण भुकटीला पुन्हा पत्र्यावर चिकटवतो. ऊन भिंतीवर असताना कामच करू नका. आम्ही सकाळी पश्चिमेची बाजू आणि दुपारनंतर पूर्वेची, असं सावलीच्या मागे फिरलो. साबण लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग पन्हळीच्या दिशेने उभं घासायचं आणि शेवटी आडवं एकदा. फार जोर लावायचा नाही, फेरे वाढवायचे. ब्रश दर दोन-तीन मिनिटांनी स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यायचा. हे चुकवलं तर एका जागची भुकटी दुसरीकडे सारवली जाते, आणि ओल्या भिंतीवर ते दिसतसुद्धा नाही. साबणाचं पाणी दुधाळ झालं की ओतून नवं करायचं. उन्हाच्या बाजूला आम्हाला प्रत्येक पट्ट्याला नवी बादली लागली.

पाणी किती वेळ मारायचं? मुलगी खाली गडद निळा मग धरून बसायची आणि ओघळणारं पाणी त्यात झेलायची. मगाचा तळ स्पष्ट दिसेपर्यंत मी पाइप चालू ठेवायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट वेळ लागला.

प्रेशर वॉशरबद्दल खूप जण विचारतात. भुकटी हलकी असेल तर तो पुरतो, आणि मोठ्या भिंतीवर पाणी मारण्याचं काम फारच सोपं करतो. पण उन्हाच्या बाजूला मी आधी फक्त मशीन वापरून पाहिलं आणि वाळल्यावर कपडा पुन्हा रंगला. खडबडीत झालेल्या थरात रुतलेले कण निघायला ब्रशचा स्पर्श लागतो. मशीन वापरायचंच तर ४० अंशांचा पंख्यासारखा फवारा, दाब १०० बारच्या आत आणि अंतर किमान ३० सेंटिमीटर. फवारा नेहमी वरून खाली तिरका. खालून वर मारला की पाणी थेट जोडात घुसतं आणि भिंतीच्या आत जाऊन बसतं.

शेवाळ किंवा बुरशीचे काळे ठिपके साबणाने पुसट होतात, मरत नाहीत. घरगुती ब्लीचच्या एका भागात चार भाग पाणी घालून ते फक्त ठिपक्यांवर लावा, दहा मिनिटं ओलं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर धातूला बाधतं. ब्लीच अमोनियाबरोबर किंवा कुठल्याही आम्लाबरोबर एकत्र येता कामा नये, विषारी वायू होतो. हातमोजे आणि चष्मा घाला. खाली झाडं असतील तर त्यांना आधी साध्या पाण्याने भिजवा आणि झाकून टाका.

वाळल्यावरची परीक्षा

पत्र्याचा सपाट भाग तासाभरात वाळतो. जोडातलं पाणी दुसऱ्या दिवशीही झिरपत असतं. म्हणून पूर्ण एक दिवस जाऊ द्या. आणि ओल्या भिंतीचा निर्णय कधीही करू नका. पाण्याने भुकटी पारदर्शक दिसते, रंग गडद होतो, सगळं नवंकोरं वाटतं. मी पहिल्यांदा तिथेच फसले होते.

कोरडी झाल्यावर त्याच चौदा जागांवर नवे कपडे फिरवले आणि जुन्यांच्या शेजारी दोरीवर लावले. नऊ स्वच्छ, तीन पुसट, दोन चक्क दुधाळ. ते दोन्ही उन्हाच्या बाजूच्या पन्हळीच्या आतले होते, म्हणजे माझा रुंद ब्रश पोचला नव्हता तिथले. त्या बाजूच्या सगळ्या पन्हळी पुन्हा घासल्या. तिसऱ्या फेरीला ते दोन पुसट झाले आणि पुसट असलेले तीन स्वच्छ.

दोन-तीन धुलाया होऊनही पुसट डाग राहतोच, असं जुन्या रंगात होतं, कारण घासताना खालचा थरही थोडा सुटत असतो. तिथे धुणं थांबवून प्रायमरचा विचार करायचा. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे कण मोठे असतात. ते भुकटीच्या थरात उतरत नाहीत, वरच बसतात. म्हणून उरलेल्या हलक्या भुकटीत मुरून तिला खालच्या थराशी बांधणारा प्रायमर हवा, आणि डब्यावर तो चॉकिंग झालेल्या पृष्ठभागासाठी असल्याचं लिहिलेलं असलं पाहिजे. तेलाचे अल्किड प्रायमर भुकटीत छान मुरतात. पण जस्त उघडं पडलेलं असेल तिथे ते लावू नका: तेलातली आम्लं आणि जस्त मिळून साबणासारखा थर तयार होतो आणि काही काळाने रंग सालीसारखा निघतो. उघड्या जस्तावर त्या धातूसाठीचा पाण्यातला प्रायमरच.

लाल गंजाचे ठिपके आत्ता, भिंत कोरडी असताना, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घट्ट धातूपर्यंत घासा. कडा उतरत्या करा, पूड पुसा आणि त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर लावा. भिंतीच्या इतर भागावर कुठे चकाकी शिल्लक असेल, जशी वळचणीखाली हमखास असते, तर तिथे २२० नंबरचा ओला पेपर हलका फिरवून चकाकी मारा आणि पुन्हा पाण्याने धुवा. भुकटी असलेल्या भागावर कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही.

एक पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. अख्खी भिंत धुण्याआधीच उन्हाच्या बाजूचा एक चौरस मीटर निवडा, तो वर सांगितल्याप्रमाणे धुवा, तपासा, प्रायमर आणि रंग द्या. आठवडाभर थांबा. मग धारदार पात्याने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभे आणि सहा आडवे छेद धातूपर्यंत मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर तुमची धुण्याची रीत आणि प्रायमर दोन्ही जमले. चौकोन सुटले तर त्यांची मागची बाजू बघा. पूड असेल तर धुलाई कमी पडली. मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर जुन्या रंगावर तो प्रायमरच धरत नाही. काही कारखानी लेप, विशेषतः पीव्हीडीएफ (फ्लोरिन असलेलं टिकाऊ रेझिन) जातीचे, मुळातच हट्टी असतात आणि त्यांना वेगळा प्रायमर लागतो. हे एका चौरस मीटरवर कळलेलं बरं. आमचा पहिला तुकडा नापास झाला होता, चौकोनांमागे पूड होती. दुसऱ्या तुकड्यावर सौम्य साबणाचा दुसरा फेरा वाढवला आणि तो पास झाला. मग त्याच मापाने सगळी भिंत धुतली.

धुलाई आणि प्रायमर यांत फार दिवस जाऊ देऊ नका. आम्ही एक बाजू धुतली की दुसऱ्या दिवशी कपडा फिरवून लगेच तिथे प्रायमर दिला, मग पुढची बाजू. मध्ये वाऱ्याने धूळ बसली तर ओल्या कपड्याने पुसून, वाळवून मगच पुढे जा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) निदान ३ अंश सेल्सियस वर हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा पृष्ठभागावर धरतो. पहाटे पत्रा हवेपेक्षा थंड असतो, म्हणून सकाळी घाई नको. दुपारी तापलेल्या पत्र्यावरही नको. रंग मुरण्याआधीच वरून सुकतो. हात ठेवून चटका बसत असेल तर थांबायचं.

हे काम होऊन तीन वर्षं झाली. दर वर्षी एकदा आम्ही सौम्य साबणाने उन्हाची बाजू धुतो आणि वाळल्यावर त्याच जागांवर काळा कपडा फिरवतो. यंदा खांद्याच्या उंचीवर पहिल्यांदा किंचित सावट उठलं, बाकीचे कपडे कोरे होते, आणि रंग कुठेही सुटलेला नाही.